घर चालवायला शिकवण्याची नोकरी

शिलाई मशीन घेतलं की कंपनीचा माणूस घरी येऊन चालवून दाखवतो. पाण्याचा फिल्टर घेतला तरी दाखवतो. मग माणूस जन्माची कमाई ओतून घर घेतो, ते कुणी चालवून का दाखवू नये? हा प्रश्न मला पडला नव्हता. तो जयपूरच्या एका बिल्डरला पडला, आणि त्या एका प्रश्नावर दोन हजार सालानंतरची बरीच वर्षं माझी नोकरी टिकली. व्हिजिटिंग कार्डावर माझ्या हुद्द्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. आमचे हे मात्र पाहुण्यांना सांगायचे, ‘ही लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या खिडक्या लावते.’ हे रेल्वेतले. दुसऱ्याच्या कामाबद्दल असं बोलायची त्यांना पगारी सवय.

मी मूळची अकोल्याची. सिव्हिलचा डिप्लोमा करून थोडी वर्षं साइटवर उन्हात काढलेली. ह्यांची बदली जयपूरला झाली अन् मी नोकरी शोधायला लागले. मुलाखतीत मालकांनी, म्हणजे त्या बिल्डरनं, विचारलं, बहनजी, इथली गर्मी सोसेल का? मला हसूच आलं. अकोल्याच्या बाईला जयपूरच्या मे महिन्याचं भय घालणं म्हणजे माशाला पाण्याचं भय घालणं. मी सांगितलं, आमच्याकडे उन्हाळ्यात कावळेसुद्धा दुपारी बाहेर पडत नाहीत. मालक खूश झाले. नोकरी त्या कावळ्यांमुळे लागली असं मी अजून समजते.

वैशाली नगरच्या पलीकडे, तेव्हा जिथं शहर संपून बाभळी सुरू व्हायच्या, तिथं मालकांनी एक छोटी कॉलनी बांधली होती. कमी विजेत थंड राहणारी घरं. आता अशा घरांना मोठमोठी नावं आणि प्रमाणपत्रं मिळतात. तेव्हा लोक त्याला ‘वो मोटी दीवार वाले मकान’ म्हणायचे. बाहेरच्या भिंती दुहेरी, म्हणजे दोन भिंती आणि मधे चार बोटं मोकळी जागा. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइलांचे तुकडे बसवलेले, म्हणजे ऊन आल्या पावली परत जातं. पश्चिमेच्या खिडक्या लहान, वर रुंद छज्जा. जिन्याच्या डोक्यावर एक उंच झरोका, गरम हवेनं तिथून वर निघून जावं म्हणून. खाली कोटा फरशी. यात जादू काही नाही. थर्मासचं जे तत्त्व तेच.

पण थर्मासचं झाकण लावावं लागतं नं. या घराचा नियम एकच होता. सकाळी ऊन चढायच्या आत सगळ्या खिडक्या-दारं बंद करायची, पडदे ओढायचे. दिवेलागण झाली की सगळं उघडायचं आणि रात्रभर उघडं ठेवायचं. जयपूरची रात्र कोरडी, वाळवंटाकडून वारा येतो, भिंती निवतात. तो गारवा दुसऱ्या दिवशी पुरवून वापरायचा. एवढंच. पण बाप्पा, माणसाला ‘एवढंच’ करायला सांगून बघा! उकडलं की खिडकी उघडावी हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकलेलो असतो. भर दुपारी खिडकी उघडून माणसं मला म्हणायची, देखिए, हवा आ रही है. येत होती की. फुफाट्यावरून आलेली लू होती ती, उन्हाची झळ. पण हलते आहे म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे चांगली, अशी सगळ्यांची खात्री.

विकताना दुसरीच पंचाईत. तेवढ्याच आकाराच्या साध्या घरापेक्षा आमचं घर महाग होतं. विजेच्या बिलात वाचून वाचून काही वर्षांत जास्तीचे पैसे वसूल होतात, हा हिशेब मला तोंडपाठ. पण लोक विचारायचे, जास्तीचे पैसे गेले कुठे? मी सांगायची, भिंतीत. भिंतीत काय आहे? काही नाही, मोकळी जागा. इथं माणूस असा बघायचा की मी त्याला हातोहात लुबाडते आहे. इटालियन फरशी दाखवता येते, नळ दाखवता येतो, रंगीत संडाससुद्धा लोक पाहुण्यांना हौसेनं दाखवतात. पोकळी कशी दाखवणार?

विश्वकर्मा औद्योगिक भागात कारखाना असलेले एक गोयलजी घर बघायला आले. त्यांनी भिंतीवर टकटक करून कान लावला, मग दुसरी भिंत वाजवली, मग तिसरी, जसे काही बाजारात मडकं घेत आहेत. मग म्हणाले, ‘यानी मैं हवा का पैसा दूँ?’ मी म्हटलं, गोयलजी, तुमचा कारखाना कशाचा? तर म्हणे, कूलरचा. कूलर बनवणाऱ्यापुढे मी मघापासून ‘या घरात कूलर लागत नाही’ हेच घोळवत होते. पण पठ्ठ्यानं घर घेतलं. म्हणाला, हवा का ही पैसा तो मैं भी लेता हूँ, आज दे दिया. राहायला आल्यावर त्यांनी दर्शनी खिडकीत आपल्या कारखान्याचा मोठ्यात मोठा कूलर बसवला. तो मी कधी चालू पाहिला नाही. वर मनीप्लँटची कुंडी असायची. एकदा विचारलं, तर म्हणाले की धंद्याशी बेईमानी करता येत नाही, व्यापारी घरी येतात, काय म्हणतील. मी म्हटलं, बरोबर आहे.

घर ताब्यात दिल्यावर माझं खरं काम सुरू व्हायचं. आठवडाभर सकाळी जाऊन घर चालवून दाखवायचं, आणि पुढे अधूनमधून जाऊन विचारायचं की तुम्ही समाधानी आहात का. हा समाधानाचा प्रश्न म्हणजे या धंद्यातली सगळ्यात मोठी गंमत. सुरुवातीला मी भोळसटासारखी विचारायची आणि लोक सांगतील ते खरं मानायची. जयपूरचा माणूस घरी आलेल्याला वाईट शब्द बोलत नाही, हे मला कोण सांगणार? त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की मी कंपनीची बाई उरत नव्हते, पाहुणी व्हायची. पाहुणीपुढे तक्रार करायची? शिव शिव! आधी पाणी, मग शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत, मग नमकीन, मग ‘थोड़ा तो और लीजिए’, आणि घर कसं आहे विचारलं की, ‘बहुत बढ़िया, जी. आनंद है.’ मी ऑफिसात येऊन मालकांना सांगायची, सगळे आनंदात आहेत. एका दुपारी काही कारणानं एका घरी न कळवता गेले, तर ते अख्खं आनंदी कुटुंब जिन्याखाली दाटीवाटीनं बसलेलं. पश्चिमेची खिडकी सताड उघडी, आणि बाकी घरात भट्टी पेटलेली. मला बघून बिचारे आधी ओशाळले आणि मग शिकंजी करायला उठले.

याच्या उलट आमची मराठी माणसं. कॉलनीत नाशिकचं एक तरुण जोडपं होतं, निकम, दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांना ‘कसं आहे घर’ विचारलं की निकम खुर्ची ओढून बसायचे. दुहेरी भिंतीतून मोबाइलची रेंज येत नाही. खिळा ठोकला की आत जातो तो जातोच. झरोक्यातून वास फिरतो आणि खालच्या फोडणीनं वरच्या खोलीत शिंका येतात. बंद खिडक्यांमुळे दूधवाल्याची हाक ऐकू येत नाही. एकदा तर मे महिन्यात पहाटे पांघरूण घ्यावं लागतं, अशी तक्रार त्यांनी केली, आणि ती त्यांना तक्रारच वाटत होती. मी मालकांना सांगितलं, हे लोक घर विकून जाणार. कुठले जातात! सहा महिन्यांत निकमांनी बायकोच्या भावाला घर घ्यायला आणलं. त्याला फिरवून दाखवताना म्हणत होते, काही बघू नकोस, डोळे मिटून घे. मी तिथंच उभी होते. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘रेंजचं मात्र बघा हं, मॅडम.’

तेव्हापासून मी विचारणं सोडलं. समाधान विचारायचं नसतं, बघायचं असतं, हे माझं या नोकरीतलं एकमेव शास्त्र. कसं बघायचं, तर भर दुपारी जायचं आणि माणूस घरात कुठे बसलाय ते पाहायचं. जिन्याखाली किंवा न्हाणीघराच्या दाराशी बसला असेल तर घर नापास. कुठेही बसला असेल, अगदी पश्चिमेच्या भिंतीला टेकून पेपर वाचत असेल, तर घर पास. मग तो तोंडानं काहीही म्हणो.

माझ्या घरांची बाजू घेऊन बोलतेय म्हणून खोटं सांगणार नाही. श्रावण-भादव्यात ही घरं रुसायची. हवा दमट झाली की खिडकी उघडी ठेवा की बंद, चिकचिक तीच. हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगायची आणि मालक माझ्यावर डोळे वटारायचे. पुढे मालकांनी कॉलनीचा दुसरा टप्पा काढला, तेव्हा दुहेरी भिंती गेल्या. पश्चिमेला मोठ्या काचा आल्या आणि प्रत्येक खोलीत एसीची जागा ठेवली. ती घरं झपाट्यानं विकली गेली. मालक म्हणाले, वंदनाजी, लोगों को जो दिखता है वो चाहिए. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांना धंदा करायचा होता. पण त्या काचांवरून दुपारी ऊन परावर्तित होऊन माझ्या जुन्या घरांवर पडायचं तेव्हा मला राग यायचा, तो अजून पुरता गेलेला नाही.

असो. या सगळ्या नोकरीत एकाच घराच्या वेळी माझी खरी झोप उडाली. ते माथुरांचं घर.

माथुरसाहेब सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले. बोलणं इतकं अदबीचं की चुकीचा नंबर लागला तरी समोरच्याची खुशाली विचारून फोन ठेवायचे. त्यांच्या पत्नींना मी आंटीजी म्हणायची. उंचीनं लहानशा, पण सकाळी खिडक्या लावत घरभर फिरायच्या तेव्हा स्टेशनमास्तरीण वाटायच्या. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत पहिला नंबर. ऊन जिन्याच्या कितव्या पायरीवर आलं की कुठला पडदा ओढायचा, हे त्यांनी स्वतःच बसवलं होतं. गच्चीवर मंगोड्या, म्हणजे मुगाचे सांडगे, वाळत घालायच्या, खाली येऊन दार लावायचं, आणि थंडगार हॉलमध्ये शेजारणींची बैठक जमवायची. अख्ख्या गल्लीतल्या बायका दुपारी त्यांच्याकडे असायच्या. मोठी काचेची घरं असलेल्यासुद्धा.

त्यांचा एकुलता मुलगा मनोज गुडगावला मोठ्या पगारावर. आधीच्या भाड्याच्या घरात असताना एका उन्हाळ्यात आंटीजींना लू लागली होती आणि दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून मनोजनं धसका घेतलेला. आईवडिलांनी त्याच्या फ्लॅटवर येऊन राहावं, असं त्याचं म्हणणं. आंटीजी एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. दिवसभर एसी, खिडकी उघडायची सोय नाही, गुडघे धरलेले, आणि शेजारी कोण राहतं ते महिनाभरात कळलं नाही. परत आल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या की बेटा बहुत ध्यान रखता है.

मे महिन्यात एक दिवस माथुरसाहेबांचा ऑफिसात फोन आला. माझी, ह्यांची, मालकांची खुशाली विचारून झाल्यावर म्हणाले की मनोज शनिवार-रविवार येतोय. त्याचं म्हणणं, एसीशिवाय घर मे महिन्यात थंड राहतं हे मी डोळ्यांनी बघीन तेव्हा मानीन. नाही राहिलं तर रविवारच्या संध्याकाळच्या गाडीनं तुम्हा दोघांना घेऊनच निघणार. तिघांची तिकिटं काढून येतोय. मग मला विचारलं, तुम्ही सहज म्हणून येऊन जाल का?

मी मनात म्हटलं, येऊ दे. आंटीजींच्या हातातलं घर म्हणजे माझं बोर्डात आलेलं घर. बघ म्हणावं.

शनिवारी अकराच्या सुमारास मी ‘सहज म्हणून’ गेले, तर लांबूनच दिसलं. घराची एकूण एक खिडकी उघडी. पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं, पडदे झेंड्यासारखे फडफडतायत. मनोज सोफ्यावर घाम पुसत बसलेला. दिसायला देखणा, बोलायला सरळ, वडिलांच्या वळणाचाच. म्हणाला की आलो तेव्हा सगळं बंद होतं, कोंडल्यासारखं झालं, म्हणून जरा उघडलं. मी आंटीजींना शोधत स्वयंपाकघरात गेले. तिथं तर आणखीच बहार. मुलगा आला म्हणून दाल-बाटी-चुरमा चाललेलं. बाट्यांचा तंदूर पेटलेला, दोन्ही शेगड्या धडधडतायत, आणि आंटीजी लालबुंद होऊन हसऱ्या चेहऱ्यानं तूप गाळतायत. या घरात जे जे करू नये असं मी लोकांना शिकवत होते, ते ते सगळं माझ्या पहिल्या नंबरच्या विद्यार्थिनीच्या घरी एकाच वेळी चाललेलं होतं.

मी खुणेनं विचारलं, खिडक्या? त्यांनी खुणेनंच सांगितलं, असू दे.

मग मी हॉलमध्ये जाऊन मनोजला समजावायला बसले. भिंत, पोकळी, झरोका, सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि नम्रपणे म्हणाला की मॅडम, आपका मकान तो बिक चुका, अब मुझे माँ-बाप की चिंता करने दीजिए. दुपारी तीनपर्यंत घर मस्तपैकी तापलं. बाट्या उत्तम झाल्या होत्या, पण खाताना सगळ्यांच्या नाकावरून घाम ठिबकत होता. मनोजनं वडिलांना विचारलं, पापा, गर्मी है कि नहीं? माथुरसाहेब, ज्यांनी आदल्या आठवड्यात याच हॉलमध्ये चादर पांघरून दुपारची झोप काढली होती, ते म्हणाले, ‘हाँ बेटा, है तो सही.’

मला कळेना हसावं की रडावं. निघताना मी एवढंच म्हटलं की रात्री तरी खिडक्या उघड्याच राहू द्या. मनोज म्हणाला, त्या तर उघड्याच राहणार.

घरी येऊन मी ह्यांच्यापुढे फणफणले. म्हटलं, ती बाई रोज घड्याळाला लाजवेल अशा खिडक्या लावते, आणि पोरगा आला तर तोंडातून शब्द काढत नाही. ह्यांनी शांतपणे विचारलं, अगं, पण त्यांना खरंच राहायचंय का इथं? तू आपली तुझ्या घराला पास करायलाच निघालीस. माझ्या जिवाला ते लागलं. कारण खरंच, मी आंटीजींना हे कधी विचारलंच नव्हतं. जयपूरच्या माणसाला विचारून उपयोग नाही, असं मीच ठरवून बसले होते.

रविवारी सकाळी ऊन पडायच्या आत मी त्यांच्या मागच्या दाराशी हजर. रात्रभर सगळं उघडं असल्यामुळे घर निवलेलं होतं. माथुरसाहेब पेपर वाचत होते, मनोज अंघोळीला गेला होता. आंटीजी पश्चिमेची खिडकी सवयीनं लावून कोपऱ्यात दोन बॅगा भरत होत्या. एकीत औषधं आणि शाल आधीच गेली होती. मी आडपडदा न ठेवता विचारलं, आंटीजी, तुम्हाला जायचंय?

त्यांनी बॅगेतली शाल सारखी केली. मग मान हलवली, नाही.

मग बोलत का नाही?

‘दो दिन के लिए तो आता है, वंदना,’ त्या म्हणाल्या. ‘दो दिन में भी टोकूँ उसे?’

मी त्यांच्याजवळ खाली बसले. म्हटलं, आंटीजी, तुमच्याकडची रीत मला माहीत नाही, पण आमच्या अकोल्याकडे मुलगा घरी आला आणि तासाभरात आईनं त्याला झापलं नाही, तर तो शेजारी जाऊन विचारतो, आईची तब्येत बरी आहे नं? तुम्ही काल दिवसभर त्याला एक शब्द बोलला नाहीत. त्याला वाटणारच की आई थकली, आता हिला उचलून न्यायला पाहिजे. तुमच्या मायेनंच तो घाबरलाय.

त्या हसल्या नाहीत. मी जास्तच बोलले की काय असं वाटून उठले आणि चहा टाकायला गेले.

मनोज केस पुसत बाहेर आला. ओला टॉवेल त्यानं दिवाणावर टाकला, म्हणाला की पुन्हा कोंडल्यासारखं व्हायला लागलंय, आणि पूर्वेची खिडकी अजून उघडीच असताना पश्चिमेच्या बंद खिडकीकडे वळला. कडीला हात घातला.

‘मनोज,’ आंटीजी म्हणाल्या, ‘मत खोल.’

आवाज मोठा नव्हता, पण माथुरसाहेबांनी पेपर खाली घेतला. मनोज म्हणाला, ‘घुटन होती है, मम्मी.’

‘होती है तो थोड़ी देर होने दे. आदत पड़ जाएगी. और वो सामने वाली भी बंद कर, धूप आ गई है. तू मेहमान थोड़े ही है जो मैं सब उठ-उठकर करूँ.’

मनोज कडीवरचा हात तसाच ठेवून आईकडे बघत राहिला. चाळिशीला आलेला माणूस, पण चेहऱ्यावर असं काही आलं की मला नजर फिरवावीशी वाटली. त्यानं हात काढला. जाऊन पूर्वेची खिडकी लावली. मग विचारलं, और कौन सी?

बस, धरणाचं दार उघडलं. आंटीजींनी त्याला जिन्यावरची खिडकी सांगितली, मग मागचं दार, मग पडदे. पडदा असा नाही, पूर्ण ओढ. टॉवेल कोण उचलणार? चपला दारात कुणाच्या? काल किती तूप ठेवलंस ताटात, अन्न टाकायला शिकलास का तिकडे? स्वयंपाक आज लवकर आटपायचाय, तंदूर पेटणार नाही, खिचडी खायची असेल तर खा. माथुरसाहेबांना पण दोन शब्द मिळाले, की काल पोरासमोर ‘है तो सही’ कुणी म्हटलं होतं. ते पेपरच्या आड गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मनोज घरभर खिडक्या लावत फिरत होता आणि मधेच एकदा माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, ‘मैडम, मम्मी बिल्कुल ठीक हैं.’

दुपारी बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर पातळ झालेलं. बंद खिडकीच्या फटीतून उन्हाची एक रेघ तेवढी आत आलेली, आणि आत घर आपलं गार, शांत. पंखा मंद फिरत होता. मनोज खिचडी खाऊन हॉलमधल्या उघड्या फरशीवर जरा पडतो म्हणाला, आणि उशीसुद्धा न घेता, हातावर डोकं ठेवून मिनिटभरात घोरायला लागला. माथुरसाहेब पश्चिमेच्या भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना विचारायला गेलेच नाही की घर कसं आहे.

आंटीजी मनोजच्या उशाशी येऊन बसल्या. मग एक पातळ चादर आणून त्याच्या पायांवर टाकली आणि माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या,

‘पंखा ज़रा कम कर दे, बेटा. इसे ठंड लग जाएगी.’

मी उठून पंखा एकवर केला. संध्याकाळच्या गाडीनं मनोज एकटाच गेला.